बापूंची शेळी आणि रायगडचा वाघ्या

गेल्या आषाढात दहा दिवस माझा मुक्काम जोयडा तालुक्यातल्या एका खेड्यात होता. काम साधे होते. तेथील प्राथमिक शाळेतल्या मुलांकडून स्वातंत्र्यदिनासाठी चार समूहगीते बसवून घ्यावयाची. शाळेतले एक शिक्षक जुन्या परिचयाचे. त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून पेटी बरोबर घेतली आणि कोल्हापूर सोडले. बेळगाव, खानापूर, लोंढा मागे पडले, रामनगर आले आणि तेथून रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जे रान सुरू झाले ते संपेचना.

उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना 'सुपे' या नावाने ठाऊक असेल. ते सुपे गाव आता नाही. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, गाव पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला आणि इतरत्र उठून गेली आणि तालुक्याला जोयड्याचे नाव मिळाले. इथले पुष्कळसे रान काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. त्या झाडीत कुणब्यांच्या आणि गवळ्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. गवळी धनगर तर मूळचे आपल्याच बाजूचे. म्हशींसाठी चारापाणी शोधत काही पिढ्यांपूर्वी ते सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेस सरकले आणि तेथेच राहिले. त्यांच्या घरात अजून मराठी बोलली जाते, कुणब्यांच्या घरात कोंकणी, आणि शाळेत कन्नड. आठ वर्षांचे पोर तिन्ही भाषांतून सहज ये-जा करते आणि त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्याला वाटतही नाही.

गाणी बसवण्याचे काम मात्र वाटले तितके सोपे निघाले नाही. अडचण मुलांची नव्हती, पावसाची होती. एक कडवे होते न होते तोच कौलांवर असा ताशा सुरू होई की पेटीचा सूर माझ्याच कानापर्यंत पोहोचेना. मग भाता मिटायचा, मुलांना जवळ बोलवायचे आणि पाऊस ओसरेपर्यंत काहीतरी सांगत बसायचे. भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या. गीतेही त्यांच्याच आठवणीची म्हणून गायची होती. मी एका तसबिरीकडे बोट दाखवून विचारले, "हे कोण?" एक मुलगा उभा राहिला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि मृत्यूची तारीख त्याने एका दमात सांगितली. पाढा म्हणतात तसे. मी म्हटले, "शाबास. आता यांनी काय केलं ते सांग." मुलगा खाली बसला.

यात त्या मुलाचा दोष नव्हता, आणि त्याच्या शिक्षकांचाही नव्हता. आपल्या शहरातल्या शाळांतून याहून निराळे काय चालते? थोर माणूस आपण मुलांना तारखांनी शिकवतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला तारीख म्हणजे काय हेच मुळी कळत नसते. सत्याग्रह, घटना, असहकार हे शब्द त्याच्या डोक्यावरून जातात. त्याला कळते ती शेळी. त्याला कुत्रे कळते, म्हैस कळते, रानातला हत्ती कळतो. जोयड्याच्या मुलांना तर जनावरांतले माझ्यापेक्षा शतपट अधिक कळत होते. तेव्हा मनात आले, की या पुढाऱ्यांच्या घरी त्यांच्या जनावरांच्या वाटेने जाऊन पाहू.

आरंभ अर्थातच बापूंच्या शेळीपासून केला. बापू शेळीचे दूध पीत, सेवाग्रामच्या आश्रमात शेळ्या असत, वगैरे सांगत होतो. पुढे बसलेल्या एका गवळ्याच्या मुलीने मध्येच विचारले, "अन् करडाला?"

मी क्षणभर थांबलो. दूध माणूस पिऊ लागला तर पिलाने काय प्यावे, हा तिचा प्रश्न होता. आणि गंमत अशी की गांधीजींची सगळी कथा याच प्रश्नाशी सुरू होते. शहरांतल्या गोठ्यांत शेवटचा थेंब काढून घेण्यासाठी गाईम्हशींचे जे हाल करीत, त्यांविषयी वाचून त्यांचे मन विटले होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूधच सोडले. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थानात ते फार आजारी पडले. अंगात ताकद येईना. मुंबईचे डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्यावाचून शरीर उभे राहणार नाही. गांधीजी म्हणाले, मी व्रत घेतले आहे. कस्तुरबा खाटेपाशी उभ्या होत्या. त्यांनी सुचवले की व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत काय? १९१९ च्या आरंभी गांधीजी शेळीचे दूध पिऊ लागले.

मुले खूश झाली. बांनी बरी वाट काढली असे त्यांना वाटले. ती मुलगी मात्र विचारात पडली होती. "म्हंजे खोटंच झालं की," ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर मी तिला गप्प केले असते. पण इथे साक्षीदार खुद्द गांधीजी होते. आपण व्रताचा शब्द राखला आणि त्यातला प्राण घालवला, ही कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे, आणि ती बोच आपल्याला अजून आहे हेही लिहिले आहे. आम्हा गाणाऱ्यांना हे चांगले समजते. आरोह-अवरोह बिनचूक, वर्ज्य स्वर टाळलेला, व्याकरणात कोठे बोट ठेवायला जागा नाही, आणि तरी राग समोर उभा राहत नाही. मी मुलांना सांगितले, "होय, थोडं खोटं झालं. पण ते कुणी पकडलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं." त्यावर ती मुलगी काही बोलली नाही, पण तसबिरीकडे तिने मान वर करून नीट पाहिले. तारखा पाठ असताना असे तिने पाहिले नसावे.

दुसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा आला आणि पंडित नेहरूंची पाळी लागली. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात नेहरूंनी तांबडा पांडा पाळला होता. त्याचे नाव भीमसा. आसामात भेट मिळालेले हे पिलू नक्की कोणत्या जातीचे, हेच आधी घरात कोणाला कळेना. पुस्तकात चित्र पाहून उलगडा झाला. पंतप्रधानाला प्राणी ओळखता आला नाही, हे ऐकून जोयड्याची पोरे इतकी हसली की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. त्यांच्यातल्या लहानग्यालासुद्धा पावलांच्या ठशावरून जनावर सांगता येते!

पण खरी रंगली ती हत्तिणीची गोष्ट. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारण्यात आले. बॉम्ब पडून ते मोकळे सुटतील ही धास्ती. युद्ध संपले आणि तेथल्या मुलांनी नेहरूंना पत्रे लिहिली, की आम्हाला एक हत्ती पाठवा. १९४९ मध्ये नेहरूंनी हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले, इंदिरा. ही हत्तीण म्हैसूरची. तिला आज्ञा कळत त्या कन्नडमधल्या, त्यामुळे जपानी माहुतांना आधी कन्नड शब्द शिकावे लागले.

यावर वर्गात जे झाले ते पाहण्यासारखे होते. ही मुले घरची बोली दाराबाहेर ठेवून शाळेत कन्नड शिकतात. एवढी मोठी हत्तीण परदेशात गेली तरी आपली भाषा सोडीना, आणि मोठ्या माणसांना तिच्यापुढे विद्यार्थी व्हावे लागले, ही कल्पना त्यांना इतकी गोड वाटली की पाऊस थांबल्यावरही कुणी पेटीकडे फिरकेना. एक जण माहुत झाला, एक हत्तीण झाली, आणि "बा, बा" म्हणत वर्गभर मिरवणूक निघाली. १९५७ साली नेहरू जपानला गेले तेव्हा त्या हत्तिणीला भेटून आले आणि १९८३ पर्यंत ती टोकियोच्या मुलांत राहिली, हे त्या गडबडीत मला ओरडून सांगावे लागले.

ही रीत काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पाळीव प्राण्यांवर मुलांसाठी कितीतरी पुस्तके आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या वॉशिंग्टनमधील स्मारकात त्यांच्या पुतळ्याशेजारी त्यांचा कुत्रा फाला बसला आहे, आणि लहान मुले आधी त्याच्याकडे धावतात. त्याच देशातली 'टेडी' अस्वलाची गोष्ट आपल्याकडेही घरोघर पोहोचली आहे. थिओडोर रूझवेल्ट १९०२ साली मिसिसिपीत शिकारीला गेले असता बरोबरच्या लोकांनी एक अस्वल धरून झाडाला बांधले. अध्यक्षांनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायचे नाकारले. त्यावर व्यंगचित्र निघाले, खेळणे निघाले आणि जगभरच्या मुलांच्या उशाशी जाऊन बसले. मात्र ते जखमी अस्वल पुढे त्यांच्याच सांगण्यावरून मारण्यात आले, त्याच्या यातना संपाव्यात म्हणून. खेळण्याबरोबर अर्धीच गोष्ट विकली जाते.

अर्ध्या गोष्टींबद्दल बोलण्याचा मला मात्र अधिकार नाही, कारण तिसऱ्या दिवशी मी स्वतः काय केले ते सांगायचे आहे.

त्या दिवशी मी शिवछत्रपतींकडे वळलो आणि वाघ्याची गोष्ट सांगितली. ती कोणाला ठाऊक नाही? महाराजांचा लाडका कुत्रा. रायगडावर चिता पेटली तेव्हा त्याने धन्यामागून आगीत उडी घेतली. आमच्या लहानपणी ही गोष्ट ऐकून रडलेले नाही असे मूल आमच्या गल्लीत नव्हते. मी ती सारे कसब लावून सांगितली. आवाज कोठे खाली आणायचा, कोठे थांबायचे, हे गाणाऱ्याला शिकवावे लागत नाही. शेवट केला तेव्हा वर्ग शांत होता. मी मनात म्हटले, जमली.

तेवढ्यात त्या मुलीने विचारले, "गुरुजी, कुत्रं आगीत जातं?"

मी म्हणालो, "फार माया असली की जातं."

"आमचं न्हाई जात. चुलीतलं लाकूड फुटलं तरी भायेर पळतंय. माया हाय तरीबी." मागच्या दोन-तीन मुलांनी माना डोलावल्या. त्यांच्यात कुत्रे वाघराच्या भीतीने उराशी धरून वाढवलेले असते. त्याची माया त्यांना मी शिकवायला नको होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण मला माहीत होते. वाघ्याचा उल्लेख महाराजांच्या काळच्या कोणत्याही विश्वसनीय कागदपत्रात सापडत नाही. महाराज १६८० साली गेले. रायगडावरच्या समाधीजवळ त्या कुत्र्याचा पुतळा बसला तो १९३६ मध्ये. मधली अडीचशे वर्षे लोकांच्या मायेने भरून काढलेली आहेत. २०१२ साली तो पुतळा हलवला गेला, पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्येही त्यावरून आपल्याकडे किती रण माजले ते वाचकांनी पाहिलेच आहे. त्या वादात मला शिरायचे नाही. माझा प्रश्न माझ्यापुरता होता. मला ठाऊक असलेली शंका मी मुलांपासून का लपवली? वर्ग शांत व्हावा म्हणून?

इथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे तीर्थरूप दरबारी गवई. संस्थान १९४९ साली विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला. दरबारात स्तुतीची पदे कशी रचली जात ते त्यांनी पाहिले होते. राजाचा घोडा पदात आला की त्याला वाऱ्याचा वेग मिळे, हत्ती आला की तो मेरूएवढा होई. तीर्थरूप म्हणत, "स्तुती विलंबितात सुरू होते, द्रुतात शिरली की गवयालाही आवरत नाही. आणि गंमत बघ, पागेतल्या मोतद्दाराला मात्र माहीत असतं, घोडा कोणत्या पायानं लंगडतो ते." मी त्या घरचा. स्तुती करणे माझ्या गळ्यात आहे. आणि त्या वर्गात मोतद्दार बसला होता, आठ वर्षांचा, दोन घट्ट वेण्या घातलेला.

शिवाय संगीत शिकवणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. लहानपणी गळ्यात उतरलेला चुकीचा स्वर पुढे काढता काढता नाकी नऊ येतात. मोठ्या माणसाला चूक दाखवता येते. पण लहान मुलाला जो षड्ज द्याल तोच तो खरा धरून चालतो. त्याला मधुर पण ढळलेला स्वर देणे हा अन्याय आहे.

सकाळी वर्गात गेलो आणि पेटी उघडण्याआधी सांगून टाकले. "कालची गोष्ट लोक मायेने सांगतात. पण तसं झाल्याचा पुरावा नाही. मी ते काल सांगायला हवं होतं." मुलांना फार वाईट वाटल्याचे दिसले नाही. मोठ्यांना आपल्या माघारीचे जेवढे ओझे वाटते तेवढे मुलांना वाटत नसते. "मग खरं काय हाय?" एवढेच त्यांनी विचारले.

खरे माझ्यापाशी होते. रात्री तेच आठवत पडलो होतो. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. पावसाळा तोंडावर आलेला; घोड्यांसाठी दाणा आणि गवत साठवलेले. महाराज बजावतात की वैरण हिशेबाने वापरा. आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेकडे धाव घ्याल, कोणी दाणे आणील, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. आणि लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे ते आणखी बारकाईत शिरतात. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढताना जपा. रात्री दिवे जळते ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी वाचणार नाहीत.

उंदराचे नाव निघताच वर्गात हालचाल झाली. "खरं हाय!" एक मुलगा जवळजवळ ओरडला. त्यांच्या गोठ्यात असा उंदीर वात घेऊन पळाला होता म्हणे. आजीने गोणपाट टाकून आग विझवली. मग प्रत्येकाला काही ना काही आठवले. वैरण माळ्यावर कशी रचायची, ओली राहिली तर कशी तापते, पावसाळ्यात म्हशीला किती लागते. त्या पत्रात 'कुणबी' हा शब्दच येतो, हे मी सांगितले तेव्हा कुणब्यांची दोन मुले ताठ बसली. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने त्यांच्या भाजीच्या देठाची काळजी वाहिली होती! वाघ्याच्या गोष्टीने त्यांना काल मुके केले होते. या पत्राने त्यांची तोंडे उघडली. राजा म्हणजे काय, हे मी त्या दिवशी व्याख्या न सांगता शिकवले. गवताची काळजी करतो तो राजा. कारण गवतामागे घोडा आहे आणि घोड्यामागे कुणब्याचे घर आहे.

जनावरांच्या वाटेने गेले की पुढारी केवळ प्रेमळ दिसतात, असा आक्षेप कोणी घेईल. शेळीवर माया, पांड्यावर माया, हत्तीवर माया. मग त्यांचे कार्य कोठे राहिले? आक्षेप रास्त आहे. केवळ लाडाकोडाच्या गोष्टी सांगितल्या तर मुलांना सगळेच पुढारी एकसारखे गोड वाटतील, आणि तेही एक प्रकारचे दरबारी पदच होईल. आमच्या शाहू महाराजांचेच पाहा. त्यांना जनावरांचा अपार नाद. हत्तींची साठमारी, शिकारीसाठी पाळलेले चित्ते, नामी घोडे. पण ते चित्ते हरणांवर सोडण्यासाठी होते, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियातून चित्ते आणून कुनोच्या रानात सोडावे लागले, हा त्या जुन्या हौसांचाही हिशेब आहे.

म्हणून शाहू महाराजांची गोष्ट मी चित्त्यांवर संपवली नाही. पागेकडे नेली. तेथे गंगाराम कांबळे नोकरीला होते. आपल्या शहरात ही हकीकत नव्याने सांगायला नको, पण जोयड्याच्या मुलांना ती नवी होती. गंगारामांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. घोड्याच्या पाठीवरून फिरणारा हात चालत होता. तोच हात पाण्याला लागलेला चालला नाही. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घालून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेतला. राजा चहा घेतो म्हटल्यावर इतरांना घ्यावाच लागला.

आणि मग आठवड्याच्या शेवटी, भिंतीवरच्या तिसऱ्या तसबिरीपाशी आलो. महाडचे चवदार तळे. गावातली गुरेढोरे त्या तळ्यावर येत, पाणी पीत, कोणी हाकलीत नसे. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र त्याला शिवायची बंदी होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. पण कागदाने तहान भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. नंतर त्या लोकांना मारहाण झाली, तळे पुन्हा 'शुद्ध' करण्यात आले आणि खटला चालून १९३७ साली हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

ही मुले रोज संध्याकाळी म्हशी पाण्यावर नेतात. पाऊस त्या वेळी थांबला होता, त्यामुळे वर्गातली शांतता ऐकू येत होती. एका मुलाने विचारले, "म्हशीला पिऊ द्यायचे?"

"हो."

"अन् माणसाला न्हाई?"

"नाही."

त्याने शेजाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "का?"

मी तेथे बसून पुष्कळ विचार केला, आणि शेवटी खरे ते सांगितले, की याला चांगले उत्तरच नाही, आणि उत्तर नाही हे साऱ्या देशाला दाखवण्यासाठीच ते गृहस्थ तळ्यावर गेले होते. समानता हा शब्द मी उच्चारला नाही. तो पुढे पाचवी-सहावीत येईल. तेव्हा त्या मुलाला म्हैस आणि तळे आठवले तर तो शब्द त्याला पाठ करावा लागणार नाही.

दहा दिवस संपले. चार गीतांपैकी तीन बरी बसली; चौथे पावसाने खाल्ले. पुढे शिक्षकांचा फोन आला की स्वातंत्र्यदिनी भाषणाच्या वेळी त्या गवळ्याच्या मुलीने तारखा सोडून उंदराची आणि वातीची हकीकत आपल्या बोलीत सांगितली, आणि म्हातारी माणसे माना हलवत होती.

निघायच्या दिवशीचा प्रसंग सांगून हे संपवतो. पेटी बांधत होतो. ती मुलगी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडं काय हाय?"

"म्हणजे?"

"जित्राब."

मी म्हणालो, "काही नाही गं. शहरात राहतो. घरी एक तानपुरा आहे तेवढा. वडिलांचा."

"त्याला काय घालता खायला?"

"खायला काही नाही. पण रोज सकाळी जुळवावा लागतो. पावसाळ्यात फार जपावं लागतं. नाही लक्ष दिलं तर रुसतो, बोलेनासा होतो."

तिने थोडा विचार केला. "मग जित्राबच की," ती म्हणाली, आणि म्हशी सोडायला निघून गेली.